घरचं क्रीम : नफा उरलेल्या दुधात



मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्या गटांच्या ऑर्डरची वही बघितली तर एक बदल लगेच दिसतो. पूर्वी वहीत पुरणपोळी, थालीपीठ, पिठलं-भाकरी, मासवडी असायची. ती आजही आहे आणि चांगली चालते. पण तिच्या जोडीला आता पनीर मखनी, मलई कोफ्ता, मशरूम सूप, व्हाइट सॉस पास्ता, वाढदिवसाचा केक अशाही ऑर्डर येतात. वाकड १९९७ साली महापालिकेत आलं. त्याआधीचं शेतीवाडीचं गाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना आजच्या टॉवरच्या रांगा बघून आश्चर्य वाटतं. शेजारी हिंजवडीची आयटी पार्क, राहायला देशभरातून आलेली माणसं. त्यांच्या घरात खाणं वेगळं, म्हणून आपल्याकडे मागणी वेगळी. माण, मारुंजी, नेरे, जांबे इकडच्या गटांसाठी वाकड ही हाकेच्या अंतरावरची बाजारपेठ आहे.

या नव्या पदार्थांत एक वस्तू सारखी येते, ती म्हणजे क्रीम. मोबाइलवरच्या रेसिपीत ‘हेवी क्रीम’ म्हणतात, दुकानात ‘फ्रेश क्रीम’ मिळतं, केकवाले ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणतात आणि आपल्या घरात फ्रिजमध्ये सायीचा डबा असतो. मग प्रश्न पडतो, हे सगळं एकच का? घरची साय असताना पाकीट का आणायचं? आणि आपल्याकडे म्हैस असेल तर घरीच क्रीम काढून चार पैसे वाचतील का?

या पाठात हे तिन्ही प्रश्न सोडवू. शेवटचा प्रश्न पैशाचा आहे. त्याचं उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाही, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ देऊ.

१. साय, क्रीम, लोणी, तूप : फरक फॅटचा

दूध घालायला जाणाऱ्या प्रत्येकीला ‘फॅट’ हा शब्द माहीत आहे. संकलन केंद्राच्या पावतीवर फॅट, एसएनएफ आणि दर असे आकडे असतात. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. क्रीमचं सगळं शास्त्र या एका आकड्यात आहे. पुढचा तक्ता बैठकीत मोठ्यानं वाचा.

गाईचं दूध : साधारण ३.५ ते ४.५ टक्के फॅट
म्हशीचं दूध : साधारण ६ ते ७ टक्के
पिशवीतलं टोन्ड दूध : ३ टक्के
पिशवीतलं फुल क्रीम दूध : ६ टक्के
पाकिटातलं फ्रेश क्रीम : बहुतेक २५ टक्के
हेवी क्रीम : ३६ टक्के किंवा जास्त
लोणी : ८० टक्क्यांच्या आसपास
तूप : जवळजवळ सगळं फॅटच

हेवी क्रीम हा शब्द अमेरिकेतून आला. तिथल्या नियमाप्रमाणे किमान ३६ टक्के फॅट असेल तरच त्या डब्यावर तसं लिहिता येतं. आपल्या दुकानातलं नेहमीचं पाकीट २५ टक्क्यांचं असतं. म्हणजे रेसिपीतलं हेवी क्रीम आणि आपल्या हातातलं पाकीट यात बराच फरक आहे. ‘मी सांगितल्याप्रमाणेच केलं, तरी केकवरचं क्रीम फुललं नाही’ ही तक्रार इथूनच येते. क्रीम फेटून फुलायला ते ३० ते ३५ टक्क्यांच्या वरचं आणि चांगलं थंड लागतं. २५ टक्क्यांचं पाकीट कितीही फेटलं तरी पातळच राहतं. दोष हाताचा नाही, आकड्याचा आहे.

आता साय. साय म्हणजे क्रीम नव्हे. दूध तापवून निवताना वर जो पापुद्रा धरतो, त्यात फॅट असतं, पण दुधातली प्रथिनंही असतात. प्रथिनांची जाळी तयार होते आणि तिच्यात फॅट अडकतं. म्हणून साय चिवट लागते, तिच्या गुठळ्या होतात. क्रीममध्ये हा पापुद्रा नसतो. दूध स्थिर ठेवलं की हलकं फॅट वर येतं आणि जड दूध खाली राहतं. तो वरचा थर म्हणजे क्रीम.

मोठ्या डेअरीत हेच काम यंत्र करतं. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ साली क्रीम वेगळं करणारं फिरतं यंत्र काढलं. दूध जोरात गरगर फिरवलं की जड दूध बाहेरच्या बाजूला जातं आणि हलकं क्रीम मध्यभागी राहतं. इंग्रजांच्या काळात लष्कराला दूध-लोणी पुरवण्यासाठी सरकारी फार्म निघाले. पहिला १८८९ साली अलाहाबादला सुरू झाला. आपल्या पिंपरीतही मिलिटरी डेअरी फार्म होता, आजही तो भाग त्याच नावानं ओळखला जातो. देशभरातले हे फार्म २०२१ साली बंद झाले. क्रीम हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात नवा असेल, पण आपल्या भागाला तो तितकासा नवा नाही.

२. घरी क्रीम कसं करायचं : तीन रीती

*पहिली रीत : दुधावरून काढलेलं क्रीम.* दूध म्हशीचं, ताजं आणि होमोजिनाइज्ड न केलेलं हवं. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर त्यातलं फॅट बारीक करून दुधात मिसळून टाकलेलं असतं, ते वर येत नाही. त्या दुधाच्या मागे लागू नका.

दुधाला एक चांगली उकळी आणा. मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून दूध ढवळत निववा. ढवळल्यामुळे वर साय धरत नाही. पाणी दोन-तीनदा बदला. दूध गार झालं की रुंद तोंडाच्या भांड्यात ओता, झाका आणि फ्रिजमध्ये १२ ते २४ तास अजिबात न हलवता ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचा दाट थर सपाट पळीनं अलगद उचला. पळी खोल बुडवली तर दूध येतं आणि क्रीम पातळ होतं. एवढं केलं तरी सगळं फॅट वर येत नाही. बरंचसं दुधातच राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिशेबात ती लागणार आहे.

*दुसरी रीत : सायीचं क्रीम.* दोन दिवसांची ताजी, विरजण न लावलेली साय घ्या. एक वाटी सायीला पाव वाटी थंड दूध घाला आणि मिक्सरमधून फक्त दहा-पंधरा सेकंद फिरवा. जास्त फिरवलं तर लोणी सुटेल. बारीक गाळणीतून गाळा. हे क्रीम ग्रेव्हीला, कोफ्त्याला, खिरीला छान चालतं. केकवर फुलवायला चालत नाही.

*तिसरी रीत : लोण्यापासून.* १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी आणि १५० मिलिलिटर म्हशीचं दूध मंद आचेवर लोणी विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. कोमट असतानाच मिक्सरमधून दोन मिनिटं फिरवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. याचं फॅट साधारण ३५ टक्के येतं. पाकिटासारखं २५ टक्क्यांचं हवं असेल तर दूध २७० मिलिलिटर घ्या. हेही स्वयंपाकासाठीच. फुलवण्यासाठी याचा भरवसा धरू नका.

आपलं क्रीम किती टक्क्यांचं झालं, हे घरीच ओळखता येतं. वजनकाट्यावर १०० ग्रॅम क्रीम घ्या आणि छोट्या कढईत त्याचं तूप कढवा. बेरी गाळून तुपाचं वजन करा. जेवढे ग्रॅम तूप निघेल, साधारण तेवढे टक्के फॅट. थोडं बेरीला आणि कढईला चिकटतं, म्हणून खरा आकडा किंचित जास्त धरा. एका नमुन्यात सगळ्या गटाला समजेल.

३. क्रीम फाटतं का आणि फाटू नये म्हणून काय करायचं

टोमॅटो, दही, लिंबू, चिंच यांचा आंबटपणा आणि मोठी आच एकत्र आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी सुटतं. त्यालाच आपण ‘फाटलं’ म्हणतो. क्रीममध्ये फॅट जितकं जास्त, तितकी प्रथिनं कमी, म्हणून दाट क्रीम सहसा टिकतं आणि पातळ क्रीम किंवा नुसतं दूध पटकन फाटतं. सायीच्या क्रीममध्ये प्रथिनं जास्त असतात, तिथे अधिक सांभाळावं लागतं.

चार नियम पाठ करा.

एक, क्रीम सगळ्यात शेवटी. टोमॅटो आधी पूर्ण शिजून तेल सुटलेलं हवं.
दोन, फ्रिजमधलं थंडगार क्रीम उकळत्या ग्रेव्हीत ओतू नका. आधी एका वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन-तीन पळ्या गरम ग्रेव्ही घालून ढवळा, मग ते सगळं कढईत घाला.
तीन, क्रीम घातल्यावर उकळी नाही. गॅस अगदी मंद किंवा बंद.
चार, आंबट चव वाढवायची असेल तर ती क्रीम घालण्याआधी वाढवा. वरून लिंबू पिळू नका.

काजूची पेस्ट ग्रेव्हीला दाटपणा देते आणि क्रीमला आधारही देते. थोडं फाटल्यासारखं दिसलं तर गॅस बंद करा, दोन चमचे काजूपेस्ट थंड दुधात कालवून घाला आणि ग्रेव्ही मिक्सरमधून फिरवून घ्या. बहुतेक वेळा जमतं.

४. दहा ताटांची पनीर मखनी

साहित्य : पिकलेले लाल टोमॅटो दीड किलो, काजू १०० ग्रॅम, पनीर १ किलो, लोणी १०० ग्रॅम, क्रीम ३०० ग्रॅम, आलं-लसूण पेस्ट २ मोठे चमचे, काश्मिरी मिरचीपूड २ मोठे चमचे, वेलदोडे ५-६, साखर २ चमचे, गरम मसाला १ चमचा, कसुरी मेथी २ मोठे चमचे, मीठ चवीप्रमाणे.

टोमॅटो, काजू आणि वेलदोडे दोन वाट्या पाण्यात वीस मिनिटं शिजवा. निवल्यावर बारीक वाटून गाळून घ्या. गाळायचा आळस करू नका, हॉटेलसारखा मऊपणा त्यातूनच येतो. कढईत लोणी वितळवून आलं-लसूण परता, आच कमी करून मिरचीपूड घाला, ती करपता कामा नये. लगेच टोमॅटोचा गर ओता आणि लोणी कडेला सुटेपर्यंत पंधरा मिनिटं शिजवा. मीठ, साखर, गरम मसाला घाला, चव बघा. पनीरचे तुकडे कोमट पाण्यात ठेवलेले असतील ते निथळून घाला, तीन-चार मिनिटं शिजू द्या. मग आच मंद करून वर सांगितलं तसं क्रीम मिसळा, गॅस बंद करा आणि कसुरी मेथी हातावर चोळून घाला.

२५ टक्क्यांचं ३०० ग्रॅम क्रीम म्हणजे ७५ ग्रॅम फॅट. दहा ताटांत वाटलं तर प्रत्येक ताटात क्रीममधून साडेसात ग्रॅम फॅट जातं, लोणी आणि पनीरमधलं वेगळं. रोजच्या डब्यात ही भाजी देऊ नका. आठवड्यातून एकदा ठीक. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय त्यांच्यासाठी क्रीम निम्मं करून काजू-मगजाची पेस्ट थोडी वाढवा, पण तसं ग्राहकाला सांगा.

५. आता पैशाचा हिशेब

हे गणित सगळ्यांनी वहीत मांडा. खालचे दर फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, त्या जागी आपल्या गावचे आजचे दर घाला.

म्हशीचं एक लिटर दूध, फॅट साडेसहा टक्के. लिटरभर दुधाचं वजन साधारण १०३० ग्रॅम. म्हणजे त्यात ६७ ग्रॅम फॅट. आपल्याला मखनीसाठी ७५ ग्रॅम फॅट हवंय. यंत्रानं काढलं तर सव्वा लिटरपेक्षा कमी दूध पुरेल. पण घरी पळीनं काढताना निम्म्याहून थोडंच जास्त फॅट हाती येतं, असं धरू. म्हणजे दोन लिटर दूध लागेल.

दोन लिटर दुधाची किंमत, ७० रुपये लिटरनं, १४० रुपये. बाजारातून ३०० ग्रॅम क्रीम आणलं, समजा लिटरचं पाकीट २२० रुपयांना, तर खर्च ६६ रुपये. मग काय, घरचं क्रीम दुपटीहून महाग? थांबा. दोन लिटर दुधातून ३०० ग्रॅम क्रीम काढल्यावर पावणेदोन लिटरच्या आसपास दूध उरलं आहे. त्यात अजून ५९ ग्रॅम फॅट आहे, म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. दुकानातल्या टोन्ड दुधासारखं. त्याचं दही लावलं आणि १ किलो ७०० ग्रॅम दही ६० रुपये किलोनं गेलं, तर १०२ रुपये आले. १४० मधून १०२ गेले, क्रीम पडलं ३८ रुपयांना. गॅस आणि आपली मेहनत धरली तरी पाकिटापेक्षा थोडं स्वस्त.

पण ते दही गेलंच नाही तर? मग तेच क्रीम १४० रुपयांचं झालं आणि दही घरात आंबलं. म्हणून म्हणते, क्रीमचा नफा क्रीममध्ये नाही, उरलेल्या दुधात आहे. उरलेल्या दुधाचं गिऱ्हाईक आधी शोधा, मग पळी हातात घ्या. दही, ताक, मठ्ठा, कढी ज्या दिवशी ऑर्डरमध्ये आहे, त्या दिवशी क्रीम घरी काढणं परवडतं. नाहीतर पाकीट आणा, त्यात कमीपणा काही नाही.

तुपाशीही तुलना करू. तेच ७५ ग्रॅम फॅट तुपात गेलं तर साधारण ७० ग्रॅम तूप होईल. ७०० रुपये किलोनं ४९ रुपये. क्रीमनं पाकिटाचे ६६ रुपये वाचवले, तुपानं ४९ दिले. क्रीम सरस दिसतं, पण क्रीम दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं आणि तूप महिनोन् महिने टिकतं. यातून नियम एकच निघतो : ऑर्डर हातात असेल तर क्रीम, नसेल तर तूप. ऑर्डरची वाट बघत क्रीम साठवायचं नाही.

६. एकच फॅट दोनदा विकता येत नाही

हे जरा स्पष्ट बोलायला हवं. घरातल्या दुधाची साय काढायची आणि खालचं दूध संकलन केंद्रावर घालायचं, असं काहीजणींच्या मनात येतं. केंद्रावर फॅट मोजतात. फॅट खाली आलं की दर खाली येतो, फार खाली आलं तर दूध परत येतं. म्हणजे क्रीमचे पैसे एका हातानं घेतले आणि दराचे दुसऱ्या हातानं गेले. काढायचंच असेल तर केंद्रावर जाणारं दूध आणि घरी ठेवायचं दूध पहिल्यापासून वेगळं ठेवा.

आणि रतीब. वाकडमधल्या बऱ्याच घरांना गावाकडून म्हशीचं दूध जातं. त्या घरांनी साडेसहा फॅटच्या दुधाचे पैसे दिलेत. त्या दुधावरची साय त्यांची आहे. ती काढून घेऊन दूध त्याच भावानं देणं म्हणजे गिऱ्हाईक फसवणं. त्यांच्याकडे फॅट मोजायचं यंत्र नाही, पण दूध तापवल्यावर साय कशी धरते हे रोज सकाळी दिसतं. एका सोसायटीत एका घरानं रतीब बंद केला की ती गोष्ट त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर सगळ्या इमारतीत पोचते. गटाचं नाव कमवायला पाच वर्षं लागतात, घालवायला एक सकाळ पुरते.

दह्याचंही तसंच. क्रीम काढलेल्या दुधाचं दही वाईट नसतं, उलट कमी फॅटचं हवं असणारे लोक ते आवडीनं घेतात. पण त्याला ‘घट्ट म्हशीचं दही’ म्हणून विकू नका. ‘क्रीम काढलेल्या दुधाचं दही’ असं सांगा आणि भाव त्याप्रमाणे ठेवा.

७. स्वच्छता : इथे सूट नाही

कच्च्या दुधाचं क्रीम कधीही वापरू नका, विकू तर नकाच. जनावराला ब्रुसेलोसिस असेल, म्हणजे गाभण म्हैस किंवा गाय शेवटच्या महिन्यांत टाकते तो रोग, तर कच्च्या दुधातून आणि त्याच्या सायीतून तो माणसालाही होतो. सारखा येणारा ताप, सांधेदुखी, थकवा महिनोन् महिने पाठ सोडत नाही. दूध उकळलं की हा धोका जातो. गोठ्यात अशी जनावरं टाकू लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि वार, पडलेलं वासरू उघड्या हातानं उचलू नका.

क्रीम नेहमी फ्रिजमध्ये, साधारण ४ अंश सेल्सिअसला. घरचं क्रीम दोन, फार तर तीन दिवस. डब्यावर काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी लावा. आंबूस वास, पिवळट पाणी किंवा कडवट चव आली तर टाकून द्या, ऑर्डरमध्ये घालू नका. साय आठ दिवस साठवतो ती तुपासाठी, तीही विरजण लावून. आठ दिवसांची साय ग्रेव्हीत घालायची नाही.

गावाहून वाकडपर्यंत नेताना क्रीम आणि क्रीमचे पदार्थ बर्फाच्या डब्यात न्या. हिंजवडीच्या रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी सगळ्यांना माहीत आहे, अर्ध्या तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं क्रीम तेवढ्यात बिघडायला लागतं. शिजवलेली मखनी न्यायची असेल तर गरमागरम, झाकण घट्ट लावून, आणि दोन तासांच्या आत खायला सांगा.

केकसाठी बाजारात मिळणारं स्वस्त ‘व्हिप टॉपिंग’ पुष्कळदा वनस्पती तेलापासून केलेलं असतं, दुधाचं नसतं. ते वापरायला बंदी नाही. पण पाकीट वाचा, आणि ग्राहकाला ‘दुधाचं क्रीम’ म्हणून सांगू नका. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी विचारलं तर काय घातलंय ते नेमकं सांगता आलं पाहिजे. गट खाद्यपदार्थ विकत असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापा. पवनाथडी जत्रेत स्टॉल लावायचा असेल तर नोंदणीचा कागद आणि पदार्थावरची पट्टी आधीपासून तयार ठेवा.

८. घरासाठी काय?

हा सगळा हिशेब विक्रीचा झाला. घराचा हिशेब वेगळा असतो. नातवंडांना आपण दुधावरची साय म्हणतो, कारण तो घरातला सगळ्यात चांगला भाग असतो. विक्रीच्या नादात घरातल्या मुलांच्या पेल्यातलं दूध पातळ होऊ देऊ नका. म्हैस दोन वेळा आठ लिटर देत असेल तर त्यातलं किती घरात राहणार, हे आधी ठरवा, मग क्रीमचं, तुपाचं, केंद्राचं. गरोदर सुनेला, वाढत्या मुलीला आणि स्वतःलाही दूध लागतं. ‘माझं राहिलं तरी चालेल’ हे वाक्य हिशेबाच्या वहीतून काढून टाका.

बैठकीत करून पाहा

१. पुढच्या बैठकीला चार वाट्या आणा : घरची साय, पळीनं काढलेलं क्रीम, पाकिटातलं क्रीम आणि लोण्यापासून केलेलं क्रीम. प्रत्येकातलं १०० ग्रॅम कढवून तूप मोजा आणि फळ्यावर लिहा.

२. त्या चारही वाट्यांतला एकेक चमचा, आधी चमचाभर गरम गर मिसळून, गरम टोमॅटोच्या गरात घाला. कोणतं फाटलं, कोणतं नाही, ते बघा आणि कारण सांगा.

३. आपल्या गावचा दुधाचा, दह्याचा, तुपाचा आणि पाकिटाचा आजचा दर लिहून पाचव्या भागातलं गणित पुन्हा करा. उत्तर आलं की ठरवा : आपल्या गटाला क्रीम घरी काढणं परवडतं का, आणि परवडत असेल तर आठवड्यातल्या कोणत्या दिवशी?

४. उरलेल्या दुधाचं गिऱ्हाईक कोण, याची यादी करा. निदान तीन नावं लिहिल्याशिवाय क्रीम काढायला सुरुवात करू नका.

आलेली उत्तरं आपल्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. वेगवेगळ्या गावांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की महासंघाला पुढचा निर्णय घेता येईल : दूध जास्त असलेल्या गावांनी मिळून हातानं फिरवायचं एक क्रीम सेपरेटर घ्यावं की नाही. ते यंत्र आलं तर निम्मं नाही, जवळजवळ सगळं फॅट हाती येईल. पण तेव्हाही नियम तोच राहील. यंत्र क्रीम काढून देईल, उरलेल्या दुधाला गिऱ्हाईक आपल्यालाच शोधावं लागेल.